सोफ्यात गेलेले तीन इंच

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकाच्याही गळी उतरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याही उतरलं नव्हतं. टेप माझ्या गळ्यात, माप माझ्या हाताने घेतलेलं, आकडा माझ्याच अक्षरात लिहिलेला, आणि तरी मी आठ दिवस चष्मा पुसून पुसून तो आकडा पाहत होतो. एका धडधाकट, दोन्ही वेळा पोटभर जेवणाऱ्या माणसाची पुरी तीन इंच उंची त्याच्या घरच्या सोफ्याने गिळली होती. गिळली म्हणजे गिळली. ढेकरसुद्धा दिला नाही.

"झालं याचं सुरू," खिडकीपाशी काजं करत बसलेली माझी धाकटी बहीण म्हणाली. दुपारची ती माझ्या दुकानात येते. तिच्या हातचं काज मशीनला जमत नाही आणि तिच्या तोंडाला तोंड देणं मला. "मास्तर, तुमच्या पँटची चेन कधीच बसवून झालीय. घ्या आणि सुटा."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. ते सुटले नाहीत, उलट स्टूल ओढून बसले. कोटाचं अस्तर बदलायला आलेल्या बँकेतल्या बाईही थांबल्या.

"कुणाची हो उंची?" त्यांनी विचारलं.

"हिच्या नवऱ्याची," मी म्हटलं.

बहिणीने दोरा दाताने तोडला आणि दुसरा ओवला. म्हणजे परवानगी.

तर माझे मेव्हणे. त्यांना सगळे टोलेकाका म्हणतात, कारण चौकातल्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला रोज चावी देण्याचं काम त्यांचं. आधी त्यांच्या वडिलांचं होतं, त्याआधी आजोबांचं. चावी द्यायची म्हणजे एक लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून खाली खेचायचा, चांगला तीस वेळा. दांडा बसवलाय आजोबांच्या मापाने. हात पूर्ण वर केले की जेमतेम मूठ बसते. घराण्यात सगळे ताडमाड, त्यामुळे तीन पिढ्या कुणाचं अडलं नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी मी त्यांचा इस्त्रीचा शर्ट द्यायला मनोऱ्यावर चढलो. एकशे बारा पायऱ्या. वर पोचलो आणि दारातच थिजलो. मेव्हणे पालथ्या बादलीवर उभे राहून दांडा खेचत होते, आणि बादली डुगडुगत होती.

"मेव्हणे! हे काय?"

"दांडा वर सरकलाय, दादा," ते शांतपणे म्हणाले.

"दांडा?"

"जुनी इमारत. ऊन लागतं, लोखंड पसरतं. दरसाल थोडी थोडी वाढते."

मनोरा वाढतोय! माणूस इतक्या विश्वासाने बोलला, की मी एकशे बारा पायऱ्या उतरलो, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवरून एक डोळा मिटून, टेप हवेत धरून मनोरा मापला.

"मग? वाढला होता?" मास्तरांनी विचारलं. भूगोलाचे ना ते.

"एक सूतसुद्धा नाही."

तरी मी गप्प बसलो असतो. पण त्याच आठवड्यात कचेरीतून पत्र आलं. नवे साहेब तीन आठवड्यांनी घड्याळाच्या तपासणीला येणार होते. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की कुठेतरी कुणीतरी स्टुलावरून पडलाय, तेव्हा यापुढे बादली, स्टूल, खोकं काही चालणार नाही. जमिनीवर उभं राहून ज्याचा हात पोचेल त्यानेच चावी द्यायची. नाही पोचला तर घड्याळाला मोटर बसेल आणि मनोऱ्याच्या किल्ल्या कचेरीत जमा होतील.

मेव्हण्यांनी पत्र वाचलं. खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. साठीला टेकलेला माणूस, पण हरवलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. हिने विचारलं, "मोटर बसली तर तुम्ही काय कराल?" तर म्हणाले, "वेळ कळणार नाही मला." ज्याच्या हातावर दोन घड्याळं असतात तो माणूस हे म्हणाला.

"एकच असतं," बहीण म्हणाली.

"दुसरं खिशात असतं. मध्ये बोलू नकोस."

मी टेप काढली. त्यांना भिंतीला उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली, खडूची खूण केली. पाच फूट पाच. मी परत मापलं. पाच फूट पाच. माझ्या वहीत, त्यांच्या लग्नाचा कोट शिवला त्या पानावर, पाच फूट आठ लिहिलंय! माझ्या हातातला खडू पडला. ही तर मटकन खालीच बसली. मेव्हणे तेवढे निर्धास्त. म्हणाले, "तुमची टेप आटली असेल, धुतली होती का?"

मग मी माझ्या सुनेला बोलावलं. ती पाठीच्या-मानेच्या व्यायामाची डॉक्टर आहे, आणि सासऱ्याचीही भीड ठेवत नाही. ती म्हणाली, "मी त्यांना तपासणार नाही, नुसती बघणार." संध्याकाळी पाच ते दहा ती त्यांच्या घरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही घेऊन बसली. रात्री मला फोन केला. आवाज कापत होता. मुडदे चिरायच्या खोलीत जिने डोळ्यांची पापणी हलवली नाही, ती पोरगी!

"बाबा," ती म्हणाली, "मनोऱ्यावरच्या कामाने त्यांचं काहीच बिघडलेलं नाही. तिथे ते दिवसभर वर बघतात, ताठ असतात. सगळा घात घरच्या विश्रांतीने केलाय."

आणि तिने वाचून दाखवलं. टीव्ही लागला की मेव्हणे सोफ्याच्या खड्ड्यात घसरत घसरत जातात, ते इतके की कंबर जिथे टेकायची तिथे मान टेकते. फोन पोटावर, हनुवटी छातीवर. शब्दकोडं सोडवायचं तर पालथं पडून, मान वर काढलेल्या कासवासारखं. पत्ते पलंगावर मांडी घालून, नाक हुकमाच्या एक्क्याला लागेपर्यंत वाकून. पाच तासांत उठले कितीदा? एकदा. तेही रिमोट सापडेना म्हणून.

"रिमोट कुठे होता?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

"खड्ड्यात! सुनेने कोपरापर्यंत हात घातला. दोन रिमोट निघाले, सात पेन्सिली, एक चप्पल आणि तीन वर्षांपूर्वी हरवलेली छत्री. उघडलेली!"

"मिटलेली," बहीण म्हणाली. "आणि तीन नाही, चार वर्षं."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. छत्री होती तर, असा त्यांचा चेहरा झाला. मी मनातल्या मनात खूश झालो.

पण पुढचं ऐका, कारण खरा धक्का मला पुढे बसला, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी सून दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, एक कोडं सुटत नाहीये. एवढं पोक आलं की शर्ट मागून वर चढतो आणि पुढे लोंबतो. आरशात दिसतं, बायकोला दिसतं, चारचौघांना दिसतं. यांचे शर्ट मात्र अगदी बेतशीर बसतात. शिवतं कोण?"

मी हातातली कात्री खाली ठेवली.

शिवतो मी. बारा वर्षं मीच शिवतोय. आणि आमच्या धंद्याची एक रीत आहे, माझ्या गुरूने मला शिकवलेली. गिऱ्हाइकाचं शरीर त्याला सांगायचं नाही, कापडात सांभाळून घ्यायचं. पोट सुटलं, पँटला एक चुणी वाढव. एक खांदा उतरला, त्या बाजूला जाड अस्तर घाल. पाठ वाकली, मागचा भाग लांब काप, पुढचा आखूड. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि हसत घरी जातं. यालाच आम्ही हातातली सफाई म्हणतो.

मी वही उघडली. एकेका वर्षाचं पान. पाठ अर्धा इंच वाढवली, पुढचं पाऊण इंच कमी केलं. पुढचं पान, पुन्हा तेच. त्याच्या पुढचं, पुन्हा. सगळे आकडे माझ्या हातचे, सुबक, खाडाखोड नाही. बारा वर्षं एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाकत गेला आणि मी प्रत्येक वर्षी त्यावर झकास इस्त्रीचं कापड घालून त्याला घरी पाठवला. एक शर्ट, एकच शर्ट मी बिघडवला असता, मागून वर चढू दिला असता, तर त्याने आरशात बघून विचारलं असतं, हे काय झालं?

मास्तर उगाच स्वतःच्या शर्टाची मागची बाजू खाली ओढून बघू लागले.

"तुमचीही सव्वा इंच वाढवलीय," मी त्यांना म्हटलं. मास्तर ताडकन सरळ बसले.

तर मी ठरवलं, सफाईने घालवलं ते सफाईनेच परत आणायचं. त्या लग्नाच्या पानावरची मापं घेतली आणि त्या मापाने, त्या ताठ माणसासाठी, एक घरात घालायचा शर्ट कापला. मागचा भाग जाड, चिवट कापडाचा, सुतभरही सैल नाही. सरळ बसलं की शर्ट मखमलीसारखा. पाठीला बाक आला रे आला, की मागचं कापड ताणणार, कॉलर मागे खेचली जाणार, आणि गळ्याचं बटण गळा धरणार.

सुनेने बाकीचं बांधून दिलं. सोफ्याच्या खड्ड्यात फळी. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. पाय दोन्ही जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. फोन बघायचा तर उशीवर कोपरं टेकून, डोळ्यांसमोर धरून. मानेला खाली बोलवायचं नाही, फोनला वर बोलवायचं. शब्दकोडं टेबलावर, तिरक्या फळीवर. पत्ते जेवणाच्या टेबलावर. आणि टीव्हीवर जाहिरात लागली की उठून भिंतीशी: टाचा, ढुंगण, खांदे आणि डोकं भिंतीला टेकवून ती संपेपर्यंत उभं राहायचं.

"अहो, हल्ली जाहिराती केवढ्या असतात!" बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"म्हणूनच गुण आला."

पहिली संध्याकाळ. मेव्हणे नवा शर्ट घालून सोफ्यावर. मी समोर. पाच मिनिटं ठीक. मग मालिकेत कुणीतरी कुणालातरी ओळखायला नकार दिला, आणि मेव्हणे सवयीने घसरले. कॉलरने गळा धरला, चेहरा लाल, डोळे बाहेर, आणि टण्! गळ्याचं बटण सुटलं. माझ्या कानाजवळून गेलं. मागे चहाचा कप होता, त्याचा कान तेवढा उडवला. कप जागच्या जागी, चहाचा थेंब हलला नाही! आम्ही सगळे आ वासून कपाकडे बघतोय.

हिने बटण परत शिवलं, दुहेरी दोऱ्याने. मेव्हणे परत घसरले. टण्! टीव्ही बंद. बटण बरोबर रिमोटच्या लाल खुणेवर आपटलं होतं. चौपदरी दोऱ्याने शिवलं. या वेळी ते खिडकीतून गेलं आणि समोरच्या न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या गालावरच्या फेसात जाऊन रुतलं. न्हावी वस्तरा घेऊन वर आला, म्हणाला, "हे तुमचं का?" तिसऱ्या दिवसापासून ही घरात पातेलं डोक्यावर घालून वावरत होती.

"पातेलं नव्हतं," बहीण मान वर न करता म्हणाली. "चाळण होती. पातेल्यातून दिसत नाही."

"बघा!" मी मास्तरांना म्हटलं.

चौथ्या दिवशी मेव्हण्यांनी संप केला. शर्ट काढून फेकला. "दादा, मला आयुष्यात दोनच सुखं आहेत, एक घड्याळ आणि एक सोफा. तुम्ही मला सोफ्यावरसुद्धा कामाला लावलंत!" मी काही बोलणार, तर हिने तो किल्ल्यांचा जुडगा आणला आणि सोफ्याच्या हातावर ठेवला. मेव्हण्यांनी जुडग्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. शर्ट उचलून घातला. बटण स्वतः लावलं.

पहिल्या रविवारी मापलं. पाऊण इंच वर! मी टेप उलटी करून पाहिली. सून म्हणाली, हाडं वाढलेली नाहीत, दुमडून ठेवलेला माणूस उलगडतोय. दुसऱ्या रविवारी दीड इंच. आता घरात भलतंच होऊ लागलं. मेव्हण्यांचं डोकं दिव्याला लागायला लागलं. शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडे पाहुणे कोण आलेत उंचसे? सोफ्यावर ते असे ताठ बसत, की मागे बसलेल्यांना टीव्ही दिसेना, म्हणून माणसं उभी राहून मालिका बघू लागली, म्हणजे त्यांच्याही पाठी सुधारल्या.

आणि एका संध्याकाळी ही त्यांच्यासमोर चहा घेऊन उभी राहिली आणि तशीच राहिली. तिला मान वर करावी लागली होती. बारा वर्षांनी. म्हणाली, "अहो, तुमच्या हनुवटीखाली तीळ आहे. विसरलेच होते मी."

बहिणीची सुई थांबली. "तीळ आहे," ती हळूच म्हणाली, मास्तरांना नव्हे, कुणालाच नव्हे.

मग तपासणीचा दिवस उजाडला. साहेब स्वतःची लोखंडी टेप घेऊन आले. एकशे बारा पायऱ्या चढून त्यांना धाप लागलेली. बादली त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर ठेवली. कोपरे तपासले, दारामागे पाहिलं. मेव्हण्यांना म्हणाले, "बूटही काढा, टाचेची भानगड नको." दारात मी, माझ्यामागे ही, हिचा हात माझ्या दंडावर, नखं रुतलेली. मेव्हणे दांड्याखाली उभे राहिले. छाती वर आली, खांदे मागे गेले, मान सरळ झाली. मोठा श्वास घेतला आणि हात वर केले.

मूठ दांड्यावर बसली! नुसती बसली नाही हो, दांडा ओलांडून दोन बोटं वर गेली, मेव्हण्यांना कोपरं वाकवून खाली यावं लागलं! तीस वेळा खेचला, एका दमात. घड्याळाची वजनं अशी सरसर वर चढली की छतावरचे पारवे उडाले. साहेबांनी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं, घड्याळ आहे त्याच माणसाकडे ठेवावं. पुरे तीन इंच, मास्तर! वर दोन बोटं शिल्लक! निव्वळ पाठीच्या जोरावर, पायाखाली कागदाचा कपटासुद्धा नाही, पायात नुसते मोजे...

"दादा!"

बहीण उठून उभी राहिली होती. मांडीवरचा कोट खाली पडला, काजाची सुई त्यातच लोंबत राहिली.

"बटण उडालं म्हणालास, मी गप्प बसले. न्हाव्याचं म्हणालास, गप्प बसले. पण हे नाही. सव्वादोन इंच आले होते त्यांचे, पाऊण इंच कमी होता. त्या पाऊण इंचाची त्यांना एवढी लाज वाटते की माणूस अजून रोज जाहिरात लागली की उठून भिंतीशी उभा राहतो. आणि तू इथे बसून दोन बोटं शिल्लक वाटतोयस? कोटाच्या खांद्यात घालायच्या गाद्या तू आदल्या दिवशी त्यांच्या मोज्यांत शिवल्यास, खोटारड्या! मीच धुतले ते मोजे, तीन दिवस वाळले नाहीत!"